चौथा पडला का?

लग्न होऊन ओतूरला आले तेव्हा सासरची पहिली तक्रार माझ्या आवाजाबद्दल होती. "सून चांगली हाय, पण बोलती का हाळी देती तेच कळंना," असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि ते मला माजघरात ऐकू आलं, कारण तेव्हा माझे कान फार तिखट होते. मी मनाला लावून घेतलं नाही. आमच्या महाळुंगे पडवळच्या घरात सगळेच तसे बोलायचे. आई म्हैस हाकताना ओरडायची आणि देवाला हात जोडतानाही ओरडायची. देवाचे कान शाबूत असणार, पण एकदा सवय लागली की समोरचं माणूस बघून आवाज कमी-जास्त करायचं राहून जातं. या सवयीचं मूळ माझे वडील. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि ज्या दिवसांत आमचं घर मोठ्यानं बोलायला लागलं त्या दिवसांविषयी मला लिहायचं आहे.

घरामागे तात्यांची पत्र्याची शेड होती. विहिरीवरची ऑईल इंजिनं, औषध फवारायचे पंप, कडबा कापायची यंत्रं आणि फटफट्या असं काय काय तिथे यायचं आणि सुटं होऊन पडायचं. रॉकेलचा, ग्रीसचा आणि कोंबड्यांचा असा एक मिळून वास त्या शेडला होता. आजही रॉकेलचा वास आला की मला आधी कोंबडी आठवते. सकाळी पाट्यावर आईचा वरवंटा, मागं शेडमध्ये हातोडी, आणि लांब कोणाच्या तरी विहिरीवर इंजिनाचं डुगडुग, हे तीन आवाज सुरू झाले की आमचा दिवस उजाडायचा. रविवारी आई मासवड्या करायची. रश्श्याचा ठसका शेडपर्यंत जायचा आणि तात्या हाक मारायच्या आधीच हात पुसत यायचे. पुढं पुढं ते फक्त मासवडीच्याच दिवशी वेळेवर यायला लागले. बाकीच्या दिवशी आई हाका मारून दमायची. नाक शाबूत होतं, कान जात चालले होते, हे आमच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

तात्यांचं नाव होतं ते त्यांच्या कानामुळे. बांधावर उभं राहून पलीकडच्या शिवारातलं इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "त्याचा वॉल गळतोय, आठ दिसात बंद पडंल." ते पडायचंही. लोक बैलगाडीत इंजिन घालून लांबून यायचे ते या कानाच्या भरवशावर. पण त्या वर्षी एक इंजिन दुरुस्त होऊन गेलं आणि तसंच खडखडत परत आलं. ज्याचं होतं तो माणूस भला होता, काही बोलला नाही, पण परत आणून उतरवलं एवढ्यातच सगळं बोलणं आलं. तात्यांना तो खडखडाट ऐकूच गेला नव्हता. त्यानंतर शेडमधलं काम पातळ होत गेलं. शेजारी राहणारे माझे चुलते, बाळूकाका, अंगणात उभं राहून शेडकडे बघत आईला म्हणाले, "वैनी, शेड रिकामीच राहायची आसंल तर मी कांद्याची बराखी करतो. औंदा कांदा लई हाय." काकाच्या मनात वाईट काही नव्हतं. कांदा खरंच खूप होता. तरी आईनं त्या दिवशी काकाला चहा दिला नाही.

आणि "तुम्हाला ऐकू येत नाही" असं तात्यांना तोंडावर म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती. आम्ही फक्त मोठ्यानं बोलायला लागलो, आणि तेही आमच्यावर मोठ्यानं खेकसायला लागले, "वरडता कशाला? भैरा हाय का मी?"

अशा दिवसांत मंचरचे केवलशेठ आपली फटफटी टेम्पोत घालून घेऊन आले. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ बोलायला आमच्याइतकेच महाळुंगेकर. कांद्या-बटाट्याचे व्यापारी. साऱ्या तालुक्याचा कांदा त्यांच्या हाताखालून जायचा, आणि धर्मानं जैन असल्यामुळे त्यांनी स्वतः आयुष्यात कांदा तोंडाला लावला नव्हता. आई त्यांना नेहमी म्हणायची, "शेठ, चव न बघता भाव कसा करता वो?" शेठ हसायचे. गाडीचं दुखणं असं होतं की चौथा गिअर टाकला की मध्येच निसटायचा आणि इंजिन मोकळंच किंचाळायचं. शेठ म्हणाले, "तात्या, दसऱ्याला मला गाडीला हार घालायचाय आन तिच्यावरच सीमोल्लंघनाला जायचंय. तोवर उभी करा." शेठच्या गाळ्यावर रोज गावोगावचे शेतकरी यायचे आणि कांद्याबरोबर हेही विचारायचे की इंजिन कोणाकडे टाकू. शेठ जे नाव सांगतील तिकडे माणसं जायची. ही गाडी नीट झाली तर शेड राहणार, न झाली तर शेडमध्ये कांदा भरणार, इतकं सरळ ते होतं. तात्यांनाही ते ठाऊक होतं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजात होते, नवरात्राची सुट्टी होती, आणि मला लहानपणापासून एकच खोड: झाकलेलं उघडून बघायची. आईच्या डब्यांपासून ते इंजिनापर्यंत. तात्यांनी इंजिन खाली काढून केसिंगचे दोन भाग वेगळे केले तेव्हा मी पोळ्या लाटायचं सोडून शेडमध्ये गेले ती तिथेच राहिले. आत दोन शाफ्ट शेजारी शेजारी, आणि दोन्हींवर लहान-मोठी दातेरी चाकं, एखाद्या नवरीच्या दोन हातांत पाटल्या-बांगड्या भराव्यात तशी. चाकांच्या कडेलाही ठोसर दात होते. चौथ्या गिअरच्या चाकाचे ते दात झिजून गोल झालेले, म्हणून पकड सुटत होती. तात्या एकेक चाक, एकेक वायसर, म्हणजे चाकाला लागून बसणारं पातळ कडं, काढायचे आणि निघेल त्या क्रमानं तारेत ओवायचे. घालताना तार उलटी धरायची, म्हणजे शेवटी निघालेलं आधी हाताला येतं आणि चूक होत नाही. ही त्यांची जुनी पद्धत. कागदावर ते काही लिहीत नसत.

हे सगळं सुटं करायच्या आधी मी गिअरची दांडी हलवून बघितली तर गिअर पडेना. "तात्या, हे अडकलंय," मी ओरडले.

"अडकलं न्हाई," ते म्हणाले. "जुन्या कुलपात किल्ली थोडी हलवल्याबिगर बसती का? दातावर दात आला की अडतंय. चक्कर फिरवत ऱ्हा, मग दांडी दाब."

चक्कर म्हणजे बाहेर निघालेलं, चेन बसते ते चाक. मी एका हातानं ते फिरवत दुसऱ्या हातानं दांडी दाबली आणि आत टक् झालं. मला इतकं नवल वाटलं की मी चारही गिअर पुन्हा पुन्हा टाकत बसले. प्रत्येकाचा आवाज निराळा होता. पहिला जड, दार लावल्यासारखा. दुसरा कोरडा. तिसरा आणि चौथा हलके, पण चौथ्यामागे एक बारीकशी घंटीसारखी किणकिण. चौथ्या गिअरला ती कुठून येते हे विचारलं तर तात्या खाली बघून म्हणाले, "येती." तेव्हा मला कळलं की ती त्यांना ऐकूच येत नाही.

मंचरहून नवं चाक आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे नवमीला हत्यारं पुजतात, आणि एकदा पुजली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तात्यांनी पाने, हातोड्या, पक्कडी सगळं धुऊन पोत्यावर मांडलं. गाडीचे भागही रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, नवं चाक जुन्याच्या जागी ओवून, तारेसकट शेजारी ठेवले. आईनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. केसिंगवर तिनं इतक्या प्रेमानं स्वस्तिक काढलं की तात्या नंतर ते पुसताना घुटमळले. त्या दिवशी शेड इतकी शांत होती की कोंबड्याही बिचकत आत आल्या.

दसऱ्याला सकाळी आईनं पूजा हलवली आणि तात्या कामाला बसले. मी हाताखाली. तार उलटी धरून एकेक वस्तू शाफ्टवर चढली, शाफ्ट केसिंगच्या एका भागात बसले, वरून दुसरा भाग ठेवून तात्यांनी बोल्ट नुसते हातानं आवळले. कारण आता गिअर तपासायचे होते, आणि काही चुकलं असलं तर उघडायला सोपं पाहिजे. एरवी ही त्यांची आवडती वेळ. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे. त्या दिवशीही त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. चक्कर फिरवत दांडी दाबली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.

"पडला," तात्या म्हणाले.

मला किणकिण ऐकू आली नाही. आवाज आला तोही अर्धाच, घास तोंडात असताना कोणी बोलावं तसा.

"न्हाई पडला, तात्या."

"दांडी गेली ना खाली?"

"दांडी गेली. चौथा न्हाई पडला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी उठून गेले असते. पण बाहेर बाळूकाका अंगणात फावडं घेऊन उभे होते, शेठ संध्याकाळी यायचे होते, आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं की आत काय होतंय. मी चक्कर हातात घेतलं आणि जोर लावून फिरवलं. आत कर्र झालं आणि चाक मोकळंच गरगरलं. गिअर निसटला होता. हे ऐकायला कानांची गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं.

तात्यांनी हात लावून ते चाक थांबवलं. मग चिंधीनं एकेक बोट पुसत म्हणाले, "तुला कधीपासनं ठावं हाय?"

गिअरबद्दल ते विचारत नव्हते. "बैलपोळ्यापासनं," मी म्हणाले.

"आन तुझ्या आईला?"

"तिला आधीपासनं."

"मग एक शब्द बोलला न्हाई व्हय कोनी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बोललो असतो तर तुमाला ऐकू आलं असतं का?"

मला वाटलं आता पाना डोक्यात बसतो. तात्या हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, आणि मग त्यांचे डोळे भरले. मलाही रडू आलं आणि हसूही. काका दारातून डोकावून काही न समजता परत गेले. इतके दिवस आम्ही सगळे मिळून जे लपवत होतो ते असं एका वाक्यात बाहेर पडलं आणि शेडचा पत्रा काही कोसळला नाही.

"चल, उघड," तात्या म्हणाले. केसिंग उघडल्यावर त्यांनी चौथ्याचं चाक असलेला शाफ्ट दोन बोटांत धरून कडेकडेनं हलवला. कानाचं काम आता बोटं करत होती. "खेळतोय. शेवटाला एक वायसर कमी हाय. म्हनून चाक बाजूला सरतंय आन दात पुरता धरत न्हाई." पण तार रिकामी होती. पोत्यावर काही नव्हतं. तात्यांनी जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून शेडभर जमिनीवरून ओढलं. खिळे आले, लोखंडाचा कीस आला, माझी हरवलेली केसांची पिन आली. वायसर आला नाही. तसला वायसर मंचरात मिळाला असता, पण दसऱ्याला कोणतं दुकान उघडं असणार?

तेवढ्यात शेडच्या पत्र्यावर खडा वाजला. हाका मारून दमल्यावर आईनं काढलेली ही युक्ती. मला आत बोलावून तिनं पुरणपोळीचा नैवेद्य हातात दिला. "ठेव देवापुढं, आन त्यांना जेवायला आन. गाडी काय पळून जाती व्हय?"

मी देव्हाऱ्यापुढं बसले आणि पाणी फिरवता फिरवता थांबले. कालच्या पूजेतली गणपतीची सुपारी आईनं देव्हाऱ्यात आणून ठेवली होती, आणि ती ताठ उभी होती. तांदूळ नाहीत, काही नाही, आणि तरी ताठ. सुपारी अशी उभी राहत नाही, हे रिकाम्या वेळी मी स्वतः करून बघितलेलं आहे. मी वाकून बघितलं. सुपारीखाली हळदीनं माखलेलं एक गोल कडं होतं.

"आई, हे काय?"

"कुठं काय? काल शेडमधी तांदूळ ठिवलं तर कोंबड्यांनी खाल्लं. दोनदा ठिवलं, दोनदा खाल्लं. सुपारी घरंगळाय लागली. तिथं तारंला ते कडं दिसलं, घातलं खाली. लई छान बसला बाप्पा. म्हनून तसाच हितं आनला."

तारेच्या टोकाचं, म्हणजे सगळ्यात आधी निघालेलं आणि सगळ्यात शेवटी बसायचं ते. तात्यांची पद्धत कधी चुकत नाही, पण पद्धतीत कोंबड्या धरलेल्या नव्हत्या.

ते काय आहे हे सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला. गाडीसाठी नाही. देवाखालून काही ओढून काढायचं, तेही नैवेद्याच्या वेळी, हे तिच्यानं होईना. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीतून शेडकडे. मग मूठभर तांदूळ घेतले, सुपारी उचलून तांदळावर टेकवली, कडं पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. "देवाला तांदूळ चालत्यात," ती म्हणाली, "गाडीला चालत न्हाईत." आणि नेहमीसारखं ओरडून नाही, हळू आवाजात म्हणाली.

वायसर रॉकेलनं धुतला तरी थोडा पिवळाच राहिला. तसाच बसवला. केसिंग पुन्हा मिटलं. या वेळी तात्यांनी डोळे मिटून मान तिरकी केली नाही. भिंतीवरचा सगळ्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक केसिंगला टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली, आतला ठोका दातांना कळावा म्हणून. मला खूण केली. मी चक्कर फिरवत दांडी दाबली. टक् झालं आणि त्यांचं एक बोट वर झालं. पुन्हा दाबली. दुसरं बोट. तिसरं. चौथ्याला मी थोडं थांबले, चक्कर हळू फिरवलं, दांडी दाबली, आणि ती किणकिण आली. तात्यांची चारही बोटं वर होती. तोंडात मूठ असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि चेहरा पहिल्यांदाच इंजिन बघणाऱ्या पोरासारखा झाला होता.

आता माझ्याही कानात यंत्र आहे. ते काढून ठेवलं की नातू म्हणतो, "आजी, ओरडू नकोस." कधीतरी घरात कोणी नसताना मी यंत्र काढते आणि मिक्सरवर, फ्रिजवर, पाण्याच्या मोटरवर तळहात ठेवून बघते. बरंच काही कळतं. तात्यांना पुढची सगळी वर्षं किती आणि कसं कळत होतं याचा मला आता अंदाज येतो. तेव्हा विचारायला हवं होतं.

शेठ आले ते उन्हं कलताना, भावाच्या गाडीवर मागं बसून, खिशात आपट्याची पानं घेऊन. तोवर इंजिन गाडीत बसलं होतं. काका अंगणातच होते. शेठ स्टँडवर उभ्या गाडीवर बसले आणि दांडी दाबून बघायला लागले. त्यांचं बोलणं ऐकायच्या आधीच, नुसता पाय बघून तात्या म्हणाले, "उभ्या गाडीला न्हाई पडायचा, शेठ. चाक फिरतं ठिवा." मी मागचं चाक फिरवलं, गिअर पडले. शेठनी मान हलवली, किक मारली, गाडी एका ठोक्यात सुरू झाली. मग समोर बघतच, आमच्याकडे पाठ असताना, ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं, "तात्या, सोनं आत्ता घेता का फिरून आल्यावर?"

तात्या हात पुसत उभे होते. शेठ थांबले, पुन्हा तेच म्हणाले. काकांनी खाकरून जमिनीकडे बघितलं. मी उत्तर देणार तोच तात्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना समजलं. ते पुढं गेले, शेठच्या समोर उभे राहिले.

"शेठ, मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "गाडीचं काय ते हाताला कळतंय. तुमचं काय आसंल ते म्होरं बघून बोला, न्हाईतर ह्या माझ्या मंदाला सांगा."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. शेठ गाडीवरच तात्यांकडे वळले. मग तात्यांच्या डोळ्यांत बघत, तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "सोनं फिरून आल्यावर देतो." आणि गाडी अंगणाबाहेर काढली.

मी तात्यांच्या शेजारी उभी होते. गाडी गल्लीतून रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. आता ती फक्त ऐकायची राहिली. तात्यांनी माझ्यापुढं तळहात धरला. मी बोट ठेवलं. पहिला चालूच होता. लांबून आवाज खाली बसून पुन्हा उठला आणि मी तळहातावर बोट दाबलं. दुसरा. चढाशी तिसरा, पुन्हा दाबलं. मग आवाज तिसऱ्यातच वाढत गेला, वाढत गेला, चढ संपला तरी शेठ बदलेनात, आणि तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. वरच्या सपाटीवर एकदाचा आवाज खाली आला, किंचित थांबला, आणि सरळ, एकसुरी निघून गेला.

मी बोट दाबलं. तात्यांनी मूठ मिटली, माझं बोट आतच राहिलं.